जुना ३६५ कटर ५० मिमीच्या किटवर : चोपड्याकडच्या गॅरेजचा अनुभव

बऱ्याच जणांनी विचारलं की तो जुना केशरी कटर, म्हणजे झाडं कापायचा चेनसॉ, परत कसा काय सुरू झाला आणि आधीपेक्षा जास्त कसा ओढतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. थोडं लांबेल, पण ज्यांच्या घरी जुनं मशीन कोपऱ्यात पडलंय त्यांच्या कामाचं आहे.

मशीन आहे हस्क्वर्ना ३६५, जुन्या बनावटीचं. ६५.१ सीसी, ४८ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ३६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल). माझे मामा सुरतेला लाकडाच्या वखारीत होते, तिथून त्यांनी वापरलेलं घेतलं होतं आणि नंतर ते आमच्याकडे आलं. आमचं वावर तापीच्या अलीकडे, बांधावर निंब, बाभूळ, सुबाभूळ, दोन ओळी निलगिरीच्या. आपल्याकडे मे-जूनमध्ये वादळ कसं येतं ते केळीवाल्यांना सांगायला नको, केळी तर झोपतेच पण बांधावरची मोठी झाडं पण आडवी होतात आणि शेतरस्ता बंद होतो, मग ट्रॅक्टर अलीकडे आणि माल पलीकडे. अशा वेळी श्टिल १८० सारखं लहान मशीन, ३१.८ सीसीचं, फांद्यांना चांगलं आहे, पण दीड-दोन फूट जाडीच्या निंबाच्या खोडात ते दम टाकतं. मोठं मशीन लागतंच.

मागच्या उन्हाळ्यात ३६५ काम करता करता एकदम बंद पडलं. आधी दोन दिवस रेस सोडल्यावर पण खाली येत नव्हती, आपोआप चढलेली राहायची, मला वाटलं केबल अडकते असेल. मग एका कापात आवाज बारीक झाला, चिरका झाला आणि जाम. दोरी ओढली तर हलेना. थंड झाल्यावर फिरायला लागलं पण कॉम्प्रेशन काहीच नाही, दोरी नुसती हातात येते.

पहिल्यांदा नेलं ते एका दुसऱ्या दुकानात, नाव घेत नाही. त्यांनी सायलेन्सर काढून पाहिलं, पिस्टनवर ओरखडे दिसले, म्हणाले पिस्टन-रिंग टाकून देतो आणि दुसऱ्या दिवशी मशीन हातात दिलं. सांगितलं की तुम्ही ऑइल कमी टाकता, जास्त टाकत जा. मी टाकलं. चार टाक्या चाललं आणि पुन्हा तोच चिरका आवाज, पुन्हा जाम. पैसे गेले ते गेले, ऐन वादळाच्या दिवसात मशीन नाही, दुसऱ्याचा कटर माणसासकट रोजाने आणावा लागला. परत त्या दुकानात गेलो तर म्हणे सिलिंडर लेथवर नेऊन बोअर करून आणा. हे चुकीचं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मोटारसायकलच्या जुन्या बीडाच्या सिलिंडरला बोअर मारता येतो, या कटरचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अगदी पातळ कडक थर असतो, लेथवर घातला की तो थरच निघून जातो आणि मग सिलिंडर भंगारात. लेथवाला भला माणूस होता, त्यानेच सांगितलं की भाऊ याला हात लावत नाही, चोपड्याला आप्पांकडे ने.

तर आता ज्यांच्याबद्दल लिहायचं ते आप्पा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला चोपड्याजवळ पत्र्याचं शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर फवारणी पंप, ब्रश कटर, जुनी इंजिनं असं सगळं पडलेलं असतं. कुणालाही कटरवाले आप्पा विचारा, दाखवतात. वय साठीच्या पुढे. मी मशीन टेबलावर ठेवलं तर त्यांनी दोरी एकदा हळू ओढली, प्लग काढून उजेडात धरला, आणि पहिला प्रश्न विचारला तो मला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. बंद पडायच्या आधी रेस चढलेली राहत होती का? मी म्हटलं हो आप्पा, दोन्ही वेळेस. तर म्हणाले, "हाई मशीन मरनं नही भाऊ, याले मारेल शे." म्हणजे हे मेलं नाही, याला मारलंय.

मग त्यांनी सिलिंडर काढला आणि पिस्टन मला हातात दिला. एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जायच्या) बाजूला उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली, आणि इनटेकच्या (हवा-पेट्रोल आत यायच्या) बाजूला पिस्टन अगदी स्वच्छ, कारखान्यातल्या बारीक रेषा पण दिसत होत्या. म्हणाले धूळ गेली असती तर इनटेकची बाजू घासली असती, फक्त एक्झॉस्टची बाजू गेली म्हणजे उष्णतेने गेलं, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. आणि ती जास्तीची हवा कुठून तरी आत येतेय. "पहिले गळती सापडू दे, मंग पिस्टन." आणि ते जास्त ऑइलचं पण सांगितलं, की जेवढं ऑइल जास्त तेवढं त्याच मापात पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण आणखी सुकं होतं. म्हणजे मला जो उपाय सांगितला होता त्याने दुखणं वाढलं होतं. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण मी तर मापून मापून जास्त टाकत होतो.

गळती शोधायची त्यांची पद्धत मी शेजारी बसून पाहिली. सिलिंडर परत तात्पुरता बसवला, एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचा रबरी तुकडा ठेवून सायलेन्सर वरून आवळला, कार्बच्या (कार्बोरेटरच्या) जागी एक पत्र्याची चकती, तिला नळी, आणि नळीला डॉक्टर ब्लड प्रेशर तपासतात तो फुगा आणि घड्याळ. फुगा दाबून काटा ३०० पर्यंत नेला आणि थांबले. काटा हलला नाही. मी म्हटलं आप्पा गळती नाहीच. त्यांनी काही न बोलता फुगा काढला आणि हाताचा व्हॅक्यूम पंप लावला, चारचाकीच्या ब्रेकचं ऑइल काढायला वापरतात तो. आता आतून हवा ओढली. काटा वर गेला, थांबला, आणि त्यांनी फ्लायव्हील बोटाने हळूहळू फिरवायला सुरुवात केली तसा काटा सरकत सरकत खाली आला. फ्लायव्हीलच्या बाजूचा क्रँकचा ऑइल सील. त्याची ओठासारखी कड कडक होऊन गेली होती, आतून दाब दिला की ती शाफ्टला चिकटते आणि आतून ओढलं की उघडते. मशीन चालताना क्रँककेसमध्ये प्रत्येक फेऱ्यात दाब पण होतो आणि ओढ पण होते, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी फुकटची हवा आत. फक्त दाब देऊन तपासलं असतं तर कधीच कळलं नसतं. या एका तपासणीला पंधरा-वीस मिनिटं लागली. पहिल्या दुकानात ती झाली असती तर माझा एक पिस्टन वाचला असता.

सील का कडक झाला यावर ते म्हणाले एक तर वय, आणि दुसरं पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराला आणि कार्बच्या पातळ पडद्यांना ते मानवत नाही, आणि मिश्रण महिना-दोन महिने टाकीत पडून राहिलं की त्रास ठरलेला. आपल्याकडे कटर वर्षातून दोनदाच निघतो, बाकी टाकी भरलेली तशीच खोलीत. आता मी काम झालं की टाकी रिकामी करतो आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्ब पण कोरडा होतो. मिश्रण लिटरला २० मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे ५० ला १, मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने मोजून. अंदाजपंचे नाही.

जुना सिलिंडर त्यांनी फेकून दिला नाही आधी. आतल्या भिंतीला पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं होतं ते ॲसिडने सोडवून पाहिलं, हातमोजे घालून, बाहेर मोकळ्यावर बसून, कापसाच्या बोळ्याने थोडं थोडं. पण एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) खाली थरच उडाला होता, नख फिरवलं की अडकत होतं. मग दोन रस्ते, एक तर ४८ चंच किट, म्हणजे नवा सिलिंडर-पिस्टन, किंवा ५० मिमीचं. या मॉडेलच्या खालच्या केसवर हस्क्वर्नाच्याच ३७२ मॉडेलचं ५० मिमीचं सिलिंडर-पिस्टन सरळ बसतं, स्ट्रोक तोच ३६, आणि ६५.१ चं ७०.७ सीसी होतं. वजनात काही फरक नाही. मी ५० घ्यायचं ठरवलं. ५२ चं पण किट बाजारात मिळतं, मी विचारलं, तर म्हणाले भिंत पातळ राहते, त्या किटांचा दर्जा एकसारखा येत नाही आणि आपल्या ४५ डिग्रीत मला ते नको. इथे मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस विकायला बसलेला नाही, कारण ते किट महाग होतं आणि मी घ्यायला तयार होतो.

बाजारातलं किट आलं तसं सरळ बसवलं असं पण नाही. पोर्टच्या कडा धारदार होत्या, त्या बारीक पॉलिश पेपरने गोल केल्या, नाहीतर रिंग त्यावर घासत राहते. रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने पाहिली. आणि पिस्टन पिनच्या दोन्ही बाजूला ज्या सर्कलिप येतात, किटमधल्या, त्या त्यांनी बोटात धरून दाबल्या आणि डब्यात टाकून दिल्या. दुसऱ्या चांगल्या आणल्या. म्हणाले किटमध्ये सगळ्यात घातक वस्तू हीच, दोन-पाच रुपयांची तार, चालता चालता सुटली की पिन बाहेर आणि सिलिंडरला उभी चीर. अशी गोष्ट आपल्याला गिऱ्हाईक म्हणून कधी दिसत नाही, आणि मशीनचं आयुष्य अशाच गोष्टीवर असतं.

खालचा भाग पण पूर्ण उघडला. क्रँकची दोन्ही बेअरिंग हाताने फिरवली तर खरखर लागत होती, जुन्या पिस्टनचा चुरा त्यात गेलेला. नवीन बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरच्या फ्रिजरमध्ये रात्रभर ठेवली, सकाळी केस हीट गनने तापवली आणि बेअरिंग हाताने जागेवर बसली, हातोडी लागलीच नाही. दोन्ही सील नवे, कार्ब आणि सिलिंडरमधला रबर नवा, इंपल्सची नळी, पेट्रोलचा पाईप, फिल्टर, कार्बचं पूर्ण किट. क्लचचा ड्रम चेनने खोल खाल्लेला होता, तो आणि त्याचं सुई बेअरिंग पण बदललं. मग परत तीच दाबाची आणि व्हॅक्यूमची तपासणी, मला समोर बसवून. काटा हलला नाही, फिरवून पण नाही. तेव्हा कुठे मशीन सुरू केलं.

आता मॉडिफिकेशनचं. मी गेलो होतो तेव्हाच डोक्यात होतं की सायलेन्सर खोलून द्या, पोर्टिंग करा (सिलिंडरची भोकं घासून मोठी करा), टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) पुढे घ्या, मोबाईलवर बघून गेलो होतो. आप्पा म्हणाले आधी साधं चालव. पाच टाक्या, थोडं जाड मिश्रणाच्या सेटिंगवर, मग परत आण, मी आत पाहीन, सगळं सारखं बसलं असेल तर पुढचं करू. मला घाई होती. म्हणाले, "घाई व्हई ते लई जाय भाऊ." म्हणजे घाई असेल तर घेऊन जा. चिडून नाही, अगदी शांतपणे. मी थांबलो आणि बरं झालं.

त्या पाच टाक्यांत मी एक काम केलं. निंबाचं एक सोळा इंची ओंडकं वेगळं ठेवलं आणि २० इंची बार (चेन फिरते ती पट्टी), ७२ कड्यांची चेन, नवीन धार, मोबाईलचं स्टॉपवॉच. साध्या अवस्थेत तीन काप, १७, १८, १७ सेकंद. हे ओंडकं मग तसंच सावलीत ठेवलं.

परत नेल्यावर त्यांनी सायलेन्सर काढून आत टॉर्च मारला, पिस्टन स्वच्छ, रिंग मोकळी. मग कामाला लागले. पहिलं म्हणजे सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत घालून पिस्टन वरपर्यंत फिरवला, तार चेपली, कॅलिपरने मोजली, १.१ मिमी. म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आला तरी डोक्यापासून इतकं अंतर. सिलिंडरखालचं पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरचं, ते काढून सीलंटवर बसवलं आणि पुन्हा तार, ०.६. यापेक्षा खाली जात नाही म्हणाले, गरम झाल्यावर पिस्टन लागायला नको. एवढ्यानेच कॉम्प्रेशन वाढतं. पण सिलिंडर खाली आला की पोर्ट पण खाली येतात, एक्झॉस्ट उशिरा उघडतो, म्हणून क्रँकला कागदाची डिग्रीची चकती लावून मोजलं आणि एक्झॉस्टची वरची कड जेवढा सिलिंडर खाली आला साधारण तेवढीच वर घेतली. दोन्ही बाजूंनी थोडी रुंदी, मार्करने आधी रेघ मारून, छोट्या हँड ग्राइंडरने, दर मिनिटाला थांबून मोजत. ३१ मिमीच्या पुढे नाही. ५० च्या बोअरला त्याहून जास्त रुंद केलं की रिंग पोर्टमध्ये फुगून अडकायची भीती. शेवटी सगळ्या कडा परत गोल. हे काम दोन तास चाललं आणि मधे एक गिऱ्हाईक पंप घेऊन आलं तर त्याला बसवून ठेवलं, ग्राइंडर हातात असताना बोलत नाहीत.

सायलेन्सर उघडून आतला अडथळ्याचा पत्रा कापला आणि बाहेरचं तोंड मोठं केलं, पण ठिणगी अडवायची जाळी परत लावली. मी म्हटलं जाळी काढा ना, अजून मोकळं होईल. म्हणाले गव्हाच्या काडात चैत्रात एक ठिणगी पडली तर शेजाऱ्याचं खळं पण जाईल, जाळीशिवाय मी मशीन देत नाही. आणि टायमिंग पुढे घ्यायला पण नाही म्हणाले, कॉम्प्रेशन वाढलेलं आहे, त्यावर टायमिंग पुढे घेतलं की सुरू करताना दोरी हातातून हिसका मारते, मनगट जातं, आणि मिळतं फार थोडं. तीन गोष्टी मी मागितल्या, पूर्ण अशी एकच दिली, एक अर्धी दिली, एक नाकारली. मला हे पटलं.

सायलेन्सर खोलला की कार्बची सेटिंग बदलावीच लागते हे फार लोकांना माहीत नसतं. धूर बाहेर सहज जातो, हवा जास्त येते, पेट्रोल तेवढंच, म्हणजे परत तेच सुकं मिश्रण आणि परत जळालेला पिस्टन. नुसतं भोक पाडून देणारे खूप आहेत. आप्पांनी आधी एल स्क्रू (कमी रेसचं पेट्रोल), मग आयडल, मग पूर्ण रेस देऊन एच स्क्रू (जास्त रेसचं पेट्रोल) हळूहळू बाहेर घेतला. मला म्हणाले ऐक. हवेत पूर्ण रेस दिली की मशीन स्वच्छ किंचाळत नाही, मधेमधे अडखळल्यासारखं भरभरतं, फोर-स्ट्रोकसारखं. मग लाकडात घातलं की लगेच तो भरभराट जाऊन आवाज एकसंध होतो, आणि कापातून उचललं की परत भरभर. म्हणाले तो भरभर म्हणजे पेट्रोल जास्त आहे, पेट्रोलच पिस्टनला थंड ठेवतं, हवेत जे मशीन गोड किंचाळतं ते लाकडात मरतं. टॅकोमीटर पण लावला, हवेत तेरा हजारांच्या आत ठेवलं. पण त्यांचा भरवसा कानावरच जास्त होता, आणि आता मला पण तो आवाज ओळखता येतो, दुसऱ्याचा कटर लांबून ऐकला तरी कळतं की याचं मिश्रण सुकं आहे. परवाच एकाला सांगितलं.

निकाल. कॉम्प्रेशन आधी ९० पीएसआयच्या आसपास होतं, किट बसवल्यावर १५० आणि पॅकिंग काढल्यावर १७०. त्याच निंबाच्या ओंडक्यावर, तोच बार, तीच चेन नव्याने धार लावून, तीन काप, १३, १३, १४ सेकंद. ओंडकं मधल्या दिवसात थोडं सुकलं होतं, म्हणजे जरा कडकच झालं होतं. सगळ्यात मोठा फरक सेकंदात नाही, दाबात आहे. आधी बारच्या मुळाशी असलेला काटेरी दात खोडात रोवून जोर दिला की चेनचा वेग पडायचा, आता पडत नाही, भुसा जाड पडतो, लांब फेकतो. निलगिरी तर नुसती लोण्यासारखी. पेट्रोल मात्र जास्त पितो, हे स्पष्ट सांगतो, आणि आवाज वाढलाय, कानाला मफ लावल्याशिवाय मी आता सुरू करत नाही. दोरी कडक झालीय, आतला दाब थोडा सोडणारं डीकॉम्प्रेशनचं बटण दाबूनच ओढायची.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पंधरा दिवसांनी सुबाभळीच्या बुंध्याजवळ कापताना चेन मातीत लागली, एकदाच, अर्धा सेकंद. त्याच ओंडक्याच्या उरलेल्या तुकड्यावर वेळ लावला तर २६ सेकंद. एवढं सगळं पोर्टिंग करून मिळवलेले चार सेकंद एका क्षणात गेले आणि वर अजून गेले. बसलो, ५.५ मिमीची गोल कानस, ३० अंशाच्या रेघेवर, प्रत्येक दाताला सारखे फटके, दातासमोरचा उंचवटा गेज ठेवून ०.६५ मिमीपर्यंत, अर्ध्या तासात परत १३ वर. म्हणून ज्यांना कमी खर्चात कटर जोरात पाहिजे त्यांनी आधी शंभर-दीडशे रुपयांची कानस घ्या आणि शिका. आप्पा पण हेच सांगतात, मशीन आणणाऱ्या निम्म्या लोकांना ते चेनला धार लावून परत पाठवतात, इंजिनला हात न लावता. चेनला जळकं ऑइल घालू नका असं पण बजावतात, त्यात लोखंडाचा चुरा असतो आणि ऑइल पंप त्याने जातो. आमच्या पंपाच्या जाळीत त्यांनी तो काळा गाळ मला दाखवला होता.

खर्च. सिलिंडर किट ३,४००, सील-बेअरिंग-रबर-सर्कलिप सगळं १,६५०, कार्ब किट, पाईप, फिल्टर ६५०, क्लच ड्रम आणि बेअरिंग ९५०, मजुरी उभं करायची २,००० आणि मॉडिफिकेशनची १,५००. एकूण १०,१५०. या ताकदीचं नवीन ब्रँडेड मशीन याच्या कितीतरी पट पडतं. हिशोब वहीच्या पानावर लिहून देतात, पक्कं बिल नाही, ज्यांना बिल लागतं त्यांनी आधी विचारा. जुने सगळे पार्ट पिशवीत घालून परत देतात, न मागता.

तक्रार पण लिहितो. आठ दिवस म्हणाले होते, पाच टाक्यांचे दिवस सोडून २२ लागले. फोन उचलत नाहीत, काम करताना तर नाहीच. दोनदा मी पन्नास किलोमीटर जाऊन पार्ट आला नाही म्हणून तसाच परत आलो, एवढं पेट्रोल आणि दिवस गेला तर आधी एक निरोप द्यायला पाहिजे होता, हे मी त्यांना तोंडावर पण बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, पण बदल होईल असं वाटत नाही. ज्यांना उद्याच्या उद्या मशीन पाहिजे त्यांनी तिथे जाऊ नये. मे महिन्यात तर अजिबात नेऊ नका, दिवाळीनंतर न्या, तेव्हा फवारणी पंपांची गर्दी कमी असते.

नेताना चेन-बार सोबत न्या, तुमचं नेहमीचं मिश्रण बाटलीत न्या, ते वास घेऊन आणि बोटावर घासून पाहतात. मशीन कसं बंद पडलं ते नीट आठवून जा, आवाज कसा झाला, रेस चढली का पडली, त्यावरच त्यांचं निम्मं निदान होतं. आणि चेन ब्रेक चालू नसेल तर ते आधी तो दुरुस्त करतात, त्याशिवाय मशीन सुरूच करत नाहीत, त्याचे वेगळे पैसे देताना कुरकुर करू नका. या मशीनची चेन हवेत एका सेकंदात वीस मीटरपेक्षा जास्त धावते, बारचं टोक फांदीला लागून उसळलं तर तोंडापर्यंत यायला वेळ लागत नाही. माझ्या धाकट्या भावाला मी अजून हे मशीन हातात दिलेलं नाही, त्याला १८० वरच हात बसू दे.

हां, आणि मोठं मशीन आलं म्हणून कुठलंही झाड पाडू नका. चिंच, आंबा, मोह, जांभूळ ही स्वतःच्या बांधावरची असली तरी १९६४ च्या झाडतोड कायद्यात येतात, परवानगी काढून ठेवा.

आप्पांनी मेच्या उन्हात सेटिंग केली होती आणि तेव्हाच सांगितलं होतं की थंडीत हवा दाट होते, मिश्रण परत सुकं पडेल, डिसेंबरात एकदा आण. मागच्या आठवड्यात पहाटे शेकोटीशिवाय बसवेना तेव्हा आठवलं आणि मशीन घेऊन गेलो. शेडच्या बाहेरच सुरू करायला लावलं, पूर्ण रेस, कान तिरका करून ऐकलं. तो भरभराट खरंच कमी झाला होता, मला पण जाणवलं. स्क्रू ड्रायव्हर लावून एच स्क्रू अगदी जरासा बाहेर, घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं सरकावं तेवढा. पुन्हा रेस. भरभर परत आला. पैसे विचारले तर हात हलवून नाही म्हणाले, "आते जाय, उन्हाळामां परत लई ये."

गाडीला मशीन बांधत होतो तोवर ते दुसऱ्या कुणाच्या कटरला तो ब्लड प्रेशरचा फुगा लावून बसले होते.